अकरा खिडक्या, एक विक्रेता आणि सासूबाईंचे पडदे

पत्र असं आहे:

"आमचं घर जुनं आहे. अकरा खिडक्या, सगळ्यांच्या चौकटी लाकडी. नऊ खिडक्यांना एकेरी काच आहे. दोन खिडक्यांना आधीच्या मालकांनी दुहेरी काच बसवली होती, पण आता तिच्या आतच धुकं साचल्यासारखं दिसतं आणि ते कुठूनच पुसता येत नाही. घर विजेच्या हीटरवर गरम होतं. बाहेर शून्याच्या आसपास थंडी असते तेव्हा नुसत्या हीटिंगचे दिवसाला दीडशे युनिट जातात (हीटिंगचा मीटर वेगळा आहे). तरी संध्याकाळी खिडकीजवळ बसवत नाही. मुलीच्या खोलीत थंडीत ऊन येत नाही, तिथे सकाळी काचेवरून पाणी ओघळतं आणि कोपऱ्यात काळे डाग पडलेत. परवा एक विक्रेता येऊन गेला. सगळ्या खिडक्यांना तिहेरी काच घ्या, बिल निम्मं होईल, सवलत महिनाअखेरपर्यंतच आहे, असं म्हणाला. नवरा सही करायला तयार आहे. सासूबाई म्हणतात, जाड पडदे शिवा, काचांवर पैसे उधळू नका. कुणाचं ऐकू?"

ताई, या महिन्यात सही करू नका. सवलत जाते तर जाऊ द्या. एकदा बसवलेली खिडकी पुढची पंचवीस-तीस वर्षं भिंतीत राहणार, तिचा निर्णय विक्रेत्याच्या कॅलेंडरवरून कशाला घ्यायचा? शिवाय तुम्ही हीटिंगचा मीटर वेगळा वाचता, याचं मला फार कौतुक वाटलं. मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत "बिल खूप येतं" एवढंच असतं. खूप म्हणजे किती, ते नसतं. तुम्ही दीडशे युनिट लिहिलंत, म्हणून विक्रेत्याचं ते "निम्मं" आपल्याला तपासता येईल. कागद-पेन्सिल घ्या.

सगळ्या काचा मिळून किती भरतात ते पत्रात नाही. अकरा मध्यम खिडक्यांची नुसती काच मी १५ चौरस मीटर धरते. दोन धुरकट खिडक्याही एकेरीच धरू, हिशोब सोपा होतो. टेपनं मोजून तुमचा आकडा वेगळा निघाला तर पुढचं सगळं त्या प्रमाणात कमी-जास्त करा.

काचेतून उष्णता किती वेगानं निसटते ते यू-व्हॅल्यू नावाचा आकडा सांगतो. आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर काचेतून किती वॅट जातात, तो हा आकडा. जितका कमी तितकं बरं. साध्या एकेरी काचेचा तो साधारण ५.७ असतो. बाहेर शून्य आणि आत वीस, म्हणजे वीस अंशांचा फरक. ५.७ गुणिले १५ गुणिले २०, झाले १,७१० वॅट. एक चांगला दांडगा हीटर रात्रंदिवस फक्त काचांसाठी चालू आहे असं समजा. चोवीस तासांचे ४१ युनिट.

दीडशेपैकी ४१ म्हणजे साधारण २७ टक्के. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा ढोबळ अंदाजही असाच आहे: घरं गरम किंवा थंड ठेवायला लागणाऱ्या ऊर्जेपैकी २५ ते ३० टक्के खिडक्यांपायी जाते. म्हणजे आपला हिशोब भलतीकडे गेलेला नाही. आता उद्या कुणी जादूची काच आणली, जिच्यातून रतीभरही उष्णता जात नाही, तरी तुमचे वाचणार ४१ युनिट. दीडशेचे निम्मे पंचाहत्तर. मधले चौतीस कुठून आणणार, हे त्या विक्रेत्यालाच विचारा. तो अगदीच खोटं बोलत असेल असं नाही; फटींमधून जाणारी उष्णता त्यानं मनात धरली असेल. फटींकडे मी येणारच आहे, कारण तुमच्या घरातला सगळ्यात स्वस्त फायदा तिथे दडलाय.

आधी तिहेरी काचेचा निकाल लावू. एकेरीच्या जागी साधी दुहेरी काच आली की यू-व्हॅल्यू सुमारे २.८ वर येते आणि ४१ चे २० युनिट होतात. त्याच दुहेरी काचेला लो-ई लेप (उष्णता आत परतवणारा धातूचा पातळ थर, त्याच्याकडे पुढे येते) असेल आणि मधल्या पोकळीत आरगॉन वायू असेल तर सुमारे १.२, म्हणजे जेमतेम ९ युनिट. तिहेरी काच, दोन लेप, दोन्ही पोकळ्यांत आरगॉन असं सगळं केलं तर ०.७ च्या आसपास, म्हणजे ५ युनिट. पहिल्या पायरीला २१ युनिट वाचले, दुसरीला साडेअकरा आणि तिसरीला साडेतीन. विक्रेता तुम्हाला थेट तिसऱ्या पायरीवर नेऊन उभं करतोय आणि तिन्ही पायऱ्यांचं श्रेय तिहेरी काचेला देतोय. खरी कमाई आधीच्या दोन पायऱ्यांची आहे.

तिहेरी काच वाईट नाही. १९९१ साली जर्मनीत डार्मस्टाटला पहिलं पॅसिव्ह हाऊस उभं राहिलं, तेव्हा त्याला तिहेरी काचाच बसवल्या होत्या. पण तिथे भिंती, छप्पर, जमीन, फटी सगळं एकाच हिशोबात बांधलं होतं, नेहमीसारखी हीटिंग लागूच नये हा हट्ट होता. जिथे महिनोन् महिने पारा शून्याच्या खूप खाली असतो तिथेही ती साडेतीन युनिटांची पायरी मोठी होते. तुमच्या घरात मात्र तिचा एक तोटा आहे, तो म्हणजे वजन. काचेच्या दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो भरतात. चार मिलिमीटरच्या तीन काचा म्हणजे चौरस मीटरला ३० किलो. जुन्या लाकडी पल्ल्यांना आणि बिजागऱ्यांना हे पेलणार नाही. सगळ्या चौकटी बदलाव्या लागतील, आणि विक्रेत्याला नेमकं तेच विकायचंय.

ही एकेक पायरी इतकी वेगळी का, हे समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कुणी चमकदार कागद पुढे केला तरी फसायला होणार नाही. बरेच जण म्हणतात, "मग काच जाड घेऊ." चारऐवजी आठ मिलिमीटरची एकेरी काच बसवली तर फरक पडतो दोन टक्क्यांच्या आसपास. काच मुळात उष्णता अडवतच नाही. अडवते ती काचेला चिकटून राहिलेली शांत हवा. म्हणून दोन काचांमध्ये हवा कोंडायची ही युक्ती, आणि ती काही आजची नाही. थॉमस स्टेट्सननं अमेरिकेत तिचं पेटंट १८६५ साली घेतलं होतं. ही पोकळी साधारण १२ ते १६ मिलिमीटर हवी. त्याहून अरुंद ठेवली तर हवेचा थर अपुरा पडतो. फार रुंद ठेवली तर आतली हवा गरम काचेशी वर चढते, थंड काचेशी खाली उतरते आणि स्वतःच उष्णता वाहून नेते. आरगॉन हवेपेक्षा मंद वाहक आहे, म्हणून तो भरतात. तो निसटतो का? निसटतो, पण चांगल्या बंद काचेतून वर्षाला एक टक्क्याहून कमी.

आणि लो-ई म्हणजे थर्मास. १८९२ मध्ये जेम्स देवार यांनी दुहेरी भिंतींची बाटली केली, आतली हवा काढली. अशा बाटलीला आतून चांदीचा मुलामा दिला की उष्णता किरणांच्या वाटेनंही निसटत नाही. खिडकीला चांदीचा आरसा करून चालणार नाही, बाहेरचं दिसायला हवं. म्हणून काचेवर धातूचा इतका पातळ थर देतात की उजेड आरपार येतो, पण खोलीतल्या भिंती, खुर्च्या, माणसं यांच्याकडून निघणारी उष्णता आत परतवली जाते. साधी काच स्वतःची उष्णता किरणांनी सोडायला फार उत्सुक असते. पूर्ण उत्सुकतेला १ धरलं तर तिचा आकडा ०.८४. चांगल्या लेपाचा ०.०५ किंवा त्याहूनही कमी. २.८ वरून १.२ वर उडी पडते ती मुख्यतः या न दिसणाऱ्या थरामुळे.

न दिसणारा म्हणूनच तो खरंच आहे की नाही याची खात्री करून घ्या. संध्याकाळी दुहेरी काचेसमोर लायटर पेटवा आणि तिरपं बघा. ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतील, प्रत्येक काचेची दोन. लेप असेल तर त्यातल्या एकाचा रंग बाकीच्या तिघांपेक्षा वेगळा, गुलाबी किंवा निळसर दिसतो. चारही सारखी दिसली तर लेपाचे पैसे देऊ नका. हे काच बसवायच्या आधी, माल दारात आल्यावर करायचं असतं.

आता फटी. तुमचं घर शंभर चौरस मीटरचं आणि छत अडीच मीटर उंच आहे असं धरू. म्हणजे २५० घनमीटर हवा. जुन्या घरात ही सगळी हवा तासाला एकदा बदलणं काही विशेष नाही. एक घनमीटर हवा एक अंशानं तापवायला ०.३३ वॅट-तास लागतात. वीस अंशांच्या फरकाला हिशोब येतो १,६५० वॅट. वर काचांचा आकडा काय आला होता? १,७१०. जवळजवळ सारखाच! म्हणजे सगळ्या काचांमधून जितकं जातं, तितकंच फटींमधून जात असण्याची शक्यता आहे. हवेची ही ये-जा निम्म्यावर आणली तरी दिवसाला २० युनिट वाचतील. तेवढंच, जेवढं अकरा खिडक्यांना साधी दुहेरी काच बसवून वाचलं असतं. सगळी हवा खिडक्यांतूनच जाते असं नाही. दारं, छताचे सांधे, वायरिंगची भोकंही असतात. पण सुरुवात खिडक्यांपासून करा.

वारा असलेल्या दिवशी सगळी दारं-खिडक्या लावा आणि पेटवलेली उदबत्ती चौकटीच्या कडेनं हळूहळू फिरवा. धूर जिथे आडवा पळतो तिथे फट आहे. पडदे आधी बांधून ठेवा, हे वेगळं सांगायला नको. मग कागदाचा एक तुकडा पल्ला आणि चौकट यांच्यामध्ये धरून खिडकी लावा, कडी घाला आणि कागद ओढा. सहज सुटला तर तिथे रबराची पट्टी हवी. कागद फाटला तर उत्तम. काच आणि लाकूड यांच्यामधली जुनी लांबी (पुट्टी) सुकून गळाली असेल तर खरवडून नवी भरा. चौकट आणि भिंत यांच्यामधली भेग वेगळी भरावी लागते. हे सगळं एका शनिवार-रविवारचं काम आहे आणि त्याला विक्रेता लागत नाही.

इथे एक गोष्ट मात्र अगदी गंभीरपणे सांगते. ज्या खोलीत ज्योतीवर चालणारं काहीही आहे, गॅस गीझर, गॅसचा किंवा रॉकेलचा हीटर, शेकोटी, तिथल्या हवेच्या जाळ्या आणि झरोके बुजवायचे नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि माणूस झोपेतच जातो. तुमची हीटिंग विजेची आहे हे बरं. पण बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर ती खोली सोडून द्या. आणि अशा घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच.

मुलीच्या खोलीतले काळे डाग बघून तुम्हाला वाटत असेल की पाणी बाहेरून झिरपतंय. नाही. ते खोलीतलंच बाष्प आहे: श्वासाचं, ओल्या कपड्यांचं. खोलीत वीस अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर साधारण ९ अंशांहून थंड पृष्ठभागावर दव जमतं. आता एकेरी काचेच्या आतल्या बाजूचं तापमान बघा: बाहेर शून्य असताना सुमारे ५ अंश. पाणी ओघळणारच. साध्या दुहेरी काचेची आतली बाजू साडेबारा अंशांवर राहते, लो-ई आणि आरगॉनवाली जवळजवळ सतरावर. म्हणून त्या खोलीची खिडकी मी यादीत सगळ्यात वर ठेवते, युनिटं किती वाचतात हा मुद्दा नंतर. तोवर त्या खोलीत कपडे वाळत घालू नका आणि सकाळी दहा मिनिटं खिडकी सताड उघडा. होय, थंडीतसुद्धा. भिंती आणि सामान तापलेलं असतं, ते दहा मिनिटांत गार पडत नाही. डाग नीट पुसून, वाळवून काढा, आणि पुसताना तोंडाला मास्क लावा.

संध्याकाळी खिडकीजवळ बसवत नाही, त्याचंही मूळ याच पाच अंशांत आहे. हवा वीस अंश असली तरी शेजारची काच अंगातली उष्णता ओढून घेते, शिवाय काचेशी गार झालेली हवा खाली उतरून पायांवर येते. मग आपण हीटर वाढवतो. आत-बाहेर वीस अंशांचा फरक असताना एक अंश वाढवणं म्हणजे विसावा हिस्सा, पाच टक्के जादा. काच गरम राहिली की बावीसची सवय आपोआप वीसवर येते. हा फायदा विक्रेत्यांच्या कागदावर कधी दिसत नाही. मला तो काचेच्या खऱ्या फायद्यांतला एक वाटतो.

सासूबाईंकडे वळू. ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठानं हिस्टॉरिक स्कॉटलंड या जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी संस्थेसाठी केलेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेमका हाच प्रश्न मोजला होता: एकेरी काचेची जुनी लाकडी खिडकी, तिला काहीबाही लावून बघायचं. जाड पडद्यांनी उष्णतेची गळती सुमारे १४ टक्क्यांनी कमी झाली. आतून लावलेल्या लाकडी झडपांनी ५१ टक्क्यांनी. आणि जुनी खिडकी तशीच ठेवून तिच्या आतल्या बाजूला दुसरी काच बसवली, तेव्हा ६३ टक्क्यांनी. म्हणजे सासूबाई खोट्या नाहीत, पण पडद्यानं भागेल असंही नाही. पडदा शिवायचाच तर तो भिंतीला चिकटून, वरून झाकलेला आणि खाली ओट्यापर्यंत टेकणारा हवा. वरून उघडा राहिला तर त्याच्यामागे हवा धबधब्यासारखी खाली येते. आणि हीटर खिडकीखाली असेल तर पडदा त्याच्यावर येऊ देऊ नका, उष्णता सगळी काचेला मिळेल, तुम्हाला नाही. शिवाय विजेच्या हीटरवर कापड लोंबणं म्हणजे आगीला आमंत्रण.

त्या ६३ टक्क्यांकडे पुन्हा बघा. आतून जादा काच बसवायची हा मार्ग तुमच्या विक्रेत्यानं सांगितला नाही, कारण त्यात चौकट विकली जात नाही. तुमच्या लाकडी चौकटी धड असतील, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं टोक खालच्या लाकडात दाबल्यावर आत शिरत नसेल, तर त्या उपटून फेकायला मला जिवावर येईल. आतली जादा काच नीट बसली तर फटीही बंद होतात आणि रस्त्याचा आवाजही कमी होतो. पुसायला दोन्ही बाजूंनी उघडता यायला हवी एवढं मात्र बघा.

धुरकट झालेल्या दोन खिडक्यांचं उत्तर सोपं आहे. दोन काचांच्या कडेला जी पट्टी असते तिच्यात ओल शोषणारे दाणे भरलेले असतात. सीलबंदी फुटली, दाणे ओले झाले, बाष्प आत शिरलं. ते पुसता येत नाही आणि भोक पाडून "वाळवून" देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण चौकट शाबूत असेल तर फक्त काचेची जोडी बदलून मिळते. त्याच मापात, आता लो-ई लेप आणि आरगॉनसह मागवा. कडेची पट्टी ॲल्युमिनियमऐवजी कमी उष्णता वाहणारी, ज्याला वॉर्म एज म्हणतात ती, सांगा. काचेच्या कडेला दव जमणं कमी होतं.

जिथे नवी खिडकीच घ्यायची असेल तिथे विक्रेत्याच्या दोन चलाख्या माहीत असू द्या. एक म्हणजे तो काचेच्या मध्यावरची यू-व्हॅल्यू सांगेल. तुम्ही चौकटीसकट पूर्ण खिडकीची लेखी मागा. ॲल्युमिनियम यूपीव्हीसीच्या (चौकटींसाठी वापरतात त्या कडक प्लास्टिकच्या) जवळजवळ हजारपट उष्णता वाहून नेतं, त्यामुळे साध्या ॲल्युमिनियमच्या चौकटीत उत्तम काच बसवणं म्हणजे स्वेटर घालून अनवाणी बर्फात उभं राहणं. ॲल्युमिनियमच हवं असेल तर आतला आणि बाहेरचा भाग वेगळा करणारी थर्मल ब्रेकची पट्टी हवी. लाकूड आणि यूपीव्हीसी या बाबतीत दोन्ही चांगले. दुसरी चलाखी एककांची. कुणी "यू-व्हॅल्यू ०.३" म्हणून छाती फुगवली तर विचारा, कोणत्या मापात? अमेरिकन मापातला ०.३ म्हणजे मेट्रिकमधला १.७, कारण ५.६८ नं गुणावं लागतं. ०.३ आणि १.७ यांतला फरक म्हणजे दोन वेगळ्या खिडक्या.

सरकत्या खिडक्या टाळा. त्यांना फट बुजवायला ब्रश असतो, तो झिजतो. बिजागरीवर उघडणारा पल्ला कडी घातल्यावर रबरावर दाबून बसतो, हवा कमी जाते.

उन्हाचं विसरू नका. थंडीत ज्या बाजूला ऊन येतं त्या खिडक्या दिवसा तुमच्यासाठी फुकटचा हीटर असतात. ऊन किती आत येतं ते जी-व्हॅल्यू सांगते. तिथे ती जास्त हवी, ०.६ च्या आसपास मिळाली तर छान. रंगीत, आरशासारखी किंवा "उष्णतारोधक" फिल्म लावलेली काच गरम प्रदेशासाठी असते. तुम्ही ती लावलीत तर थंडीतलं ऊन बाहेर ठेवण्यासाठी पैसे मोजाल. मुलीच्या खोलीसारख्या, ऊन न फिरकणाऱ्या बाजूला जी-व्हॅल्यूची पर्वा नको, तिथे फक्त यू-व्हॅल्यू बघा.

बसवण्याबद्दल मी जरा जास्तच हळवी आहे, कारण मी स्वतः पोळलेय. माझ्या घरी खिडक्या बदलल्या तेव्हा काच उत्तम घेतली, चौकट उत्तम घेतली आणि पहिल्याच थंडीत चौकटीच्या कडेनं गार झोत यायला लागला. आतली पट्टी उचकटून पाहिलं तर चौकट आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर पोकळी, वरून नुसतं सिलिकॉन सारवलेलं. पोकळीत भरायचा फोम कुणी आणलाच नव्हता. तेव्हापासून मी एकच करते: झाकपट्ट्या लावायच्या आधी मला दाखवा, मी फोटो काढणार, मगच शेवटचा हप्ता. कामगार जरा चिडतात. चिडू देत.

तर तुमच्यापुरता क्रम असा. या आठवड्यात उदबत्ती, कागद, रबर आणि लांबी. दोन धुरकट काचा बदला. मुलीच्या खोलीला, आणि ऊन न येणाऱ्या बाजूच्या ज्या खोलीत तुम्ही संध्याकाळी बसता तिला, आतून जादा काच किंवा लो-ई आणि आरगॉनवाली दुहेरी. लाकूड कुजलं असेल तिथेच नवी चौकट. बाकीच्या खिडक्यांना यंदाच्या थंडीपुरते सासूबाईंचे पडदे, त्यांनी सांगितलेल्याहून थोडे वेगळ्या पद्धतीनं शिवलेले. हळूहळू सगळ्या काचा बदलून झाल्या आणि फटींची ये-जा निम्म्यावर आली तर दीडशेचे साधारण शंभरापर्यंत येतील. पंचाहत्तर नाही.

नवऱ्याला समजवायचं काम माझ्या पत्रापेक्षा तुमचा मीटर चांगला करेल. रबर लावायच्या आधीचे सात दिवस रोज एकाच वेळी वाचन लिहा, शेजारी बाहेरचं तापमान. रबर लावल्यावर पुन्हा सात दिवस. तापमान सारखं असलेले दिवस एकमेकांशी ताडून बघा आणि आकडे मला कळवा, काचांच्या मापांसकट.